पिकाला सल्लागार, पोराला कोण?

(अकोले येथील तालुका शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या कागदावर दुधाचा भाव आहे, निळवंड्याच्या कालव्याचे पाणी आहे, पीकविमा आहे. या विषयांवर बोलायला आमच्यापेक्षा जाणती मंडळी इथे बसली आहेत. आम्ही मागून घेतलेला विषय वेगळा आहे. आपल्या पोरांच्या शाळेत मानसशास्त्रज्ञ असावा का, असला तर त्याचे काम काय, आणि तो आपल्या तालुक्याला मिळवायचा कसा, एवढाच तो विषय.

विषय सांगितल्यावर काही कार्यकर्ते म्हणाले, "साहेब, ही पुण्या-मुंबईची थेरं. इथे शाळेचे पत्रे गळतात, शिक्षक पुरे नाहीत, आणि तुम्ही मनाचा डॉक्टर कुठे मागत बसता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

शेतातला तोटा कुठे जातो?

कांद्याचा भाव पडला की आपण तोटा क्विंटलमध्ये मोजतो. सोसायटीचे कर्ज किती थकले ते मोजतो. पण तोटा तिथेच थांबत नाही, तो घरी येतो. बाप गप्प होतो, नाहीतर पिऊ लागतो. आई मजुरीचे दिवस वाढवते. थोरली पोरगी भाकरी थापून, धाकट्याला अंगणवाडीत सोडून उशिरा शाळेत पोचते आणि उशीर झाला म्हणून दाराशी उभी राहते. रात्री घरात झालेले भांडण तिच्या डोक्यात चालू असते, त्यामुळे फळ्यावरचे गणित डोक्यात शिरत नाही. सहामाहीला मार्क कमी पडतात आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'अभ्यासात लक्ष नाही'. शेरा खोटा नाही. पण लक्ष कुठे गेले हे विचारणारे शाळेत कोणी नाही.

टोकाचे उदाहरण घ्या. शेतकऱ्याने जीव दिला की तलाठी येतो, पोलीस पंचनामा करतात, प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते. २००६ सालच्या शासन निर्णयाने पात्र प्रकरणाला एक लाख रुपयांची मदत ठरली, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. त्या मदतीला आमचा विरोध नाही. पण त्या घरातले पोर तेरावे उरकून वर्गात परत येते, तेव्हा त्याच्याशी काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे ठाऊक असलेला एकही माणूस सरकारी व्यवस्थेने शाळेत ठेवलेला नाही. शेतकऱ्यांच्या मनाची दखल घेणारा प्रेरणा प्रकल्प राज्याने २०१५ साली काढला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी. आपला जिल्हा त्यात नव्हता.

आता आकडे ऐका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यवार यादीत पहिला नंबर महाराष्ट्राचा आहे, १,७६४. ज्या राज्याने शिक्षणाचा डंका पिटला त्या राज्याचा हा नंबर आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ७.३ टक्के मुलांना उपचाराची गरज असलेला मानसिक त्रास आढळला. महानगरांत हे प्रमाण जास्त आहे, पण खेड्यातही ६.९ टक्के आहे. म्हणजे त्या वयाची दोनशे मुले असलेल्या हायस्कुलात सरासरी तेरा-चौदा मुले. एका बाकड्यावर दोन बसवली तर सात बाकडी भरतात. ही थेरं नव्हेत. हे आपल्या घरचे काम आहे.

पिवळ्या पानाला एकच औषध नसते

आम्ही राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलो. पीक बघायचे कसे हे तिथे शिकवतात. शेतात पान पिवळे पडले तर शेतकरी आधी युरिया टाकतो. कधी लागू पडतो, कधी नाही. कारण पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत. खालची जुनी पाने पिवळी झाली तर नत्र कमी. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी. पाणी साचले असेल तर मुळाला हवा मिळत नाही, तरी पान पिवळे. मर लागली तरी पिवळे. विषाणू असेल तर पिवळे-हिरवे ठिपके. रंग एक, कारणे पाच. युरिया पाचांतल्या एकालाच लागू आहे. बाकी चार ठिकाणी खर्च वाया जातो आणि पीकही जाते.

२०२० च्या उन्हाळ्यात अकोले, संगमनेर, जुन्नर या पट्ट्यात टोमॅटोची फळे लाल, पिवळी, हिरवी अशी एकाच वेळी डागाळू लागली. लोकांनी त्याला 'तिरंगा' म्हटले. टीव्हीवाल्यांनी भलत्याच बातम्या केल्या आणि गिऱ्हाईक घाबरले. शेवटी नमुने बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेत गेले आणि कुकुंबर मोझॅक विषाणूचे नाव पुढे आले. निदान झाले तेव्हा कुठे अफवा थांबली.

शाळेतल्या मुलाचेही असेच आहे. 'अभ्यासात मागे' हे पिवळे पान आहे. मागची कारणे मोजा. मुलाला फळा नीट दिसत नसेल. एका कानाने कमी ऐकू येत असेल. घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी, म्हणून समजत नसेल. बुद्धी चांगली असूनही वाचताना अडखळायला लावणारी अध्ययन अक्षमता असेल. सकाळी उपाशी आले असेल. घरात मारहाण असेल. कोणीतरी त्याच्याशी नको ते वागत असेल आणि ते सांगायची सोय नसेल. किंवा मन खचलेले असेल, झोप लागत नसेल, जगण्यात राम वाटत नसेल. या सगळ्यांवर आपल्याकडे एकच युरिया आहे, तो म्हणजे रागावणे आणि शिकवणी लावणे.

टोमॅटोचा नमुना बंगळूरला पोचला. आपल्या पोराचा प्रश्न तालुक्याच्या गावालाही पोचत नाही.

तो माणूस नेमके काय करतो?

आधी नावे नीट समजून घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो बोलून, निरीक्षण करून, चाचण्या घेऊन अडचण कुठे आहे ते शोधतो आणि बोलण्यातूनच उपाय करतो. त्यातल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशक हा शब्द आपल्याकडे ढिलाईने वापरतात. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र घेतलेला माणूसही स्वतःला समुपदेशक म्हणवतो. बियाण्याची पिशवी घेताना आपण प्रमाणित बियाण्याचे लेबल बघतो, तसे इथेही शिक्षण आणि प्रशिक्षण विचारून घ्यायचे.

हे शास्त्र जन्मले तेच एका शाळकरी पोराच्या अडचणीतून. १८९६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका शिक्षिकेने चौदा वर्षांचा मुलगा लायटनर विट्मर या प्राध्यापकाकडे नेला. मुलगा इतर बाबतीत ठीक, पण शब्द धड लिहिता येईनात. तपासात त्याच्या डोळ्यांत दोष निघाला. आधी चष्मा, मग वेगळ्या पद्धतीने शिकवणे, असा उपाय झाला. पुढे १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धीची चाचणी तयार केली. कोणत्या मुलाला जादा मदत लागेल ते कळावे, हा तिचा हेतू होता. मुलावर कायमचा शिक्का मारायला ती नव्हती. तीच चाचणी १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी हे नाव त्यामुळे पडले. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तिथे मानसशास्त्राचा अभ्यास आणि शाळा हातात हात घालून चालले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. म्हणजे महाराष्ट्राला हे काम नवे नाही. पण जे आहे ते रेल्वेच्या फाट्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आपला घाट चढून ते वर आलेले नाही.

आता रोजचे काम. चांगल्या शाळा-मानसशास्त्रज्ञाचा निम्मा वेळ बंद खोलीत जात नाही, वर्गात आणि मैदानावर जातो. कोण एकटे बसते, कोणाची हजेरी अचानक घटली, कोणाचे अक्षर बिघडले, कोण डबा खात नाही, हे तो टिपतो. आपण आठवड्याला शेतात फेरी मारून किडी मोजतो आणि नुकसानीची पातळी ओलांडायच्या आत उपाय करतो, तसेच हे आहे. दुसरे काम शिक्षकांशी बोलण्याचे. या मुलाला पुढच्या बाकावर बसवा, याला सगळ्यांसमोर वाचायला उभे करू नका, हिला गृहपाठ कमी द्या, अशा साध्या गोष्टींनी बरेच काम होते. तिसरे काम मुलाशी बोलण्याचे. एकदा बोलून भागत नाही, सहा-आठ वेळा ठरलेल्या वेळी बसावे लागते. चौथे काम पालकांशी. पाचवे काम म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचे मूल ओळखणे आणि त्याला डॉक्टरकडे, तपासणीकडे, गरज पडली तर बालकल्याण समितीकडे पोचवणे.

मुलाने सांगितलेले तो गावभर करत नाही. मास्तरांनाही सगळे सांगत नाही. याला दोन अपवाद आहेत आणि ते तो मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो. मुलाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लैंगिक अत्याचार कळला तर. दुसऱ्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

आत्महत्येबद्दल एक गैरसमज इथेच दूर करू. मुलाला सरळ विचारले की 'मरावेसे वाटते का रे', तर ते त्याच्या डोक्यात भरते, अशी भीती लोकांना वाटते. तसे होत नाही. नीट विचारले तर मुलाला सुटल्यासारखे वाटते, कारण ती गोष्ट बोलता येईल असा एक माणूस त्याला भेटतो.

हे काम शिक्षकांवर का टाकू नये?

सरकारला सगळ्यात स्वस्त मार्ग ठाऊक आहे. दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे, एका शिक्षकाला 'समुपदेशक' नेमायचे आणि अहवाल पाठवायचा. जनगणना शिक्षकाकडे, निवडणूक शिक्षकाकडे, पोषण आहाराचा हिशेब शिक्षकाकडे, आता मनही शिक्षकाकडे. शिक्षकांनी पहिले निरीक्षक व्हावे हे खरे, कारण रोज मूल बघणारे तेच आहेत. पण ज्याच्या हातात मार्क आहेत त्याच्यापुढे मूल मन मोकळे करत नाही. ज्या सरांची भीती वाटते तीच अडचण असेल, तर मुलाने जायचे कोणाकडे?

आपल्या तालुक्यातली शाळा

अकोले तालुका एक नाही, दोन आहेत. एक प्रवरेकाठचा, उसाचा, टोमॅटोचा, दुधाचा. दुसरा भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाच्या बाजूचा, भाताचा आणि नाचणी-वरईचा. जवळजवळ निम्मी वस्ती आदिवासी, महादेव कोळी आणि ठाकर. दोन्हीकडच्या मुलांचे दुखणे वेगळे आहे.

खालच्या पट्ट्यात बापाने ठरवलेले असते की आपण मातीत मेलो, पोरगा डॉक्टर नाहीतर अधिकारी झाला पाहिजे. जमीन विकून, कर्ज काढून अकॅडमीची फी भरली जाते. पोराला ते सगळे ठाऊक असते. परीक्षेच्या पेपरावर त्याला प्रश्न दिसत नाहीत, वावर दिसते. शेतीत राम राहिला नाही हे आपणच चोवीस तास त्याच्या कानावर घालतो, म्हणजे नापास झाले तर परतीची वाटही आपणच बंद करतो. हे ओझे उतरवायला शेतमालाला भाव लागतो हे खरेच. पण तोवर त्या पोराशी कोणीतरी बोलले पाहिजे.

वरच्या पट्ट्यात आश्रमशाळा आहेत. राज्यात आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून जास्त आश्रमशाळा आहेत, आणि आपल्या भागाचे प्रकल्प कार्यालय राजूरलाच आहे. सहा वर्षांचे लेकरू आईपासून तोडून तिथे ठेवले जाते, कारण आईबाप भाताची कापणी उरकली की नारायणगाव-जुन्नरकडे मजुरीला जातात आणि घरी दुसरे कोणी नसते. पहिले काही आठवडे ते लेकरू रडते, अंथरूण ओले करते, पोट दुखते म्हणते, एखादे पळून घराकडे चालू लागते. त्याला शिस्त मोडली म्हणून शिक्षा होते. जाणत्या माणसाला ही लक्षणे चटकन ओळखू येतात. शंभरावर मुलांची हजेरी, जेवण आणि आजारपण बघणाऱ्या अधीक्षकाकडून ती अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

भाषेचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. वाडीवरच्या मुलाची घरची बोली वेगळी असते. शहरातल्या मुलांवर बसवलेली चाचणी त्याच्यापुढे ठेवली, तर त्याला प्रश्नच कळत नाही आणि कागदावर 'मंद' असा शेरा पडतो. म्हणून इथे येणारा मानसशास्त्रज्ञ बोली शिकणारा पाहिजे, आणि शक्य असेल तिथे याच मातीतला पाहिजे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, त्याबद्दल त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि गावरान बियाणे इथल्या हवापाण्याला का टिकते हे शास्त्रज्ञांनीही मान्य केले. माणसांच्या बाबतीतही तो विचार लागू आहे. आपल्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन पदवी करणाऱ्या पोरापोरींना पुढचे शिक्षण द्या, ती इथे टिकतील.

सवलतीचेच बघा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती महाराष्ट्राने १९९६ पासून दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अक्षमता धरली आहे. पण सवलतीला तपासणीचा दाखला लागतो, आणि तपासणी करणारे मोठ्या रुग्णालयांत बसतात. मुंबईतल्या मुलाला सायनचे रुग्णालय लोकलने गाठता येते. घाटघरच्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे दीडशे किलोमीटरच्या पुढे प्रवास, आईबापाच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीवर पाणी, आणि एवढे करून तारीख पुढची मिळाली तर पुन्हा तोच फेरा. त्याच्याआधी, आपल्या पोराला असे काही आहे हे सांगणाराच कोणी भेटत नाही. कायदा दोघांना सारखा, पोचतो एकालाच.

न्यायालय काय म्हणाले आणि काय राहून गेले

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांनी एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. त्यात देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा सूचना दिल्या, आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरवल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे. मदतीचे फोन नंबर वसतिगृहात आणि वर्गात ठळक अक्षरांत लावले पाहिजेत. मार्कांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी.

ही लढाई आपण न लढता मिळालेली गोष्ट आहे, ती हातची घालवू नका. आश्रमशाळा, वसतिगृहे, हायस्कुले यांत शंभरावर मुले सहज भरतात. तिथे हा नियम आजच लागू आहे.

पण वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचे काय? तिथे पट पंधरा, वीस, तीस. शंभराच्या आतल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी, असे निकालात म्हटले आहे. शहरात या वाक्याला अर्थ आहे, कारण तिथे रस्ता ओलांडला की तज्ज्ञ भेटतो. डोंगरात जोडणी म्हणजे फाइलमधला एक कागद होऊन बसेल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही हाच शंभराचा उंबरठा आहे. सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अर्धवेळ निदेशक मिळतात. मनाचे नाव त्यात नाहीच. जिथे वस्ती विरळ तिथे हक्कही विरळ, असा हा हिशेब आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. मोजणी शाळेची करू नका, केंद्राची करा. आपल्याकडे साधारण दहा शाळांचे एक केंद्र असते आणि त्याला केंद्रप्रमुख असतो. त्या केंद्राला एक मानसशास्त्रज्ञ द्या. आठवड्याचे पाच दिवस रोज एक शाळा धरली तर दोन आठवड्यांत दहा शाळा होतात. म्हणजे प्रत्येक शाळेला दर पंधरवड्याला ठरलेला वार. अमेरिकेतल्या शालेय मानसशास्त्रज्ञांची संघटना पाचशे विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सांगते. विरळ पटाच्या एका केंद्राची मुले त्या आकड्याच्या आतबाहेरच भरतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळासंकुलाला समुपदेशक जोडण्याची भाषा आहे. म्हणजे आम्ही आकाशातले काही मागत नाही, त्यांचेच कागद त्यांना वाचून दाखवत आहोत.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप, 'आमच्या वेळी कुठे होते हे?' नव्हते, हे बरोबर. आमच्या वेळी ठिबकही नव्हते. आणि आपल्या वर्गातली शाळा सोडून गेलेली पोरे आठवून बघा, ती का गेली हे आजही कोणाला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप, 'पोराला वेड्यात काढतील, पोरीचे लग्न जमायचे नाही.' म्हणूनच तो माणूस शाळेत हवा, दवाखान्यात नको. वजन-उंची मोजायला आरोग्य पथक येते तेव्हा कोणी लाजत नाही. पंधरवड्याला ठरल्या वारी येणारा आणि सगळ्या वर्गांशी बोलणारा माणूस असला की त्याच्याकडे जाणे वेगळे दिसत नाही. कोणी भगताकडे जात असेल, देवाला नारळ वाहत असेल, तर त्याच्याशी आमचे भांडण नाही. नारळ वाहा आणि पोराला या माणसाशीही बोलू द्या.

तिसरा आक्षेप, 'पैसा कुठून आणायचा?' जबाबदारी राज्य सरकारची आहे, आपल्या वर्गणीतून हे पद भरायचे नाही. वर्गणीतून भरले की सरकार कायमचे मोकळे होते. मात्र पेसाखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेतून जो अबंध निधी मिळतो, त्यातून शिक्षण आणि आरोग्यावर खर्च करता येतो. मुलाला तपासणीसाठी शहरात न्यायचे भाडे, सोबत जाणाऱ्या आईची बुडालेली मजुरी, एवढे ग्रामसभेला त्यातून मंजूर करता येईल.

आजच करायचे काम

पद मिळेल तेव्हा मिळेल. तोवर चार कामे आपल्या हातात आहेत.

एक. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. पुढच्या बैठकीत मानसशास्त्रज्ञाची मागणी आराखड्यात लिहून घ्या. सह्या मायबहिणींच्या पहिल्या होऊ द्या, कारण पोरांचे आधी त्यांनाच कळते.

दोन. आश्रमशाळा आणि हायस्कूल यांना लेखी विचारा. तुमचा समुपदेशक कोण, त्याचे शिक्षण काय, तो कोणत्या वारी येतो. उत्तर लेखीच घ्या. नाव नसेल तर तेच पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पाठवा.

तीन. टेली-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन नंबर शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. वरच्या वाड्यांत रेंज शोधत टेकडीवर जावे लागते हे आम्हाला माहीत आहे. तरी नंबर पाठ असू द्या.

चार. हे काम कृषी पदवीधर म्हणून सांगतो. औषधांचे डबे घरात उघडे ठेवू नका. माळ्यावर नको, पलंगाखाली नको, गोठ्याच्या खुंटीला नको. लोखंडी पेटीत, कुलपात, आणि किल्ली एका मोठ्या माणसाकडे. मनात आलेली ती घडी पुष्कळदा थोड्या वेळात निघून जाते. त्या वेळी हाताशी विष नसले तर जीव वाचतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले आहे. उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

आता ठराव मांडतो. 'अकोले तालुक्यात प्रत्येक केंद्रामागे एक पूर्णवेळ, पात्र मानसशास्त्रज्ञ नेमावा. आश्रमशाळा व वसतिगृहांत ही नेमणूक आधी व्हावी. शंभराच्या आतील पटाच्या शाळा त्यातून वगळू नयेत. नेमणूक कंत्राटी आणि सहा महिन्यांची नसावी, कारण मूल विश्वास टाकते त्याला वेळ लागतो. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचे शिबिर दरवर्षी तालुक्याच्या ठिकाणी व्हावे.' हा ठराव गटशिक्षणाधिकारी, राजूरचे प्रकल्प अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना द्यायचा आहे.

ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. आणि हात वर करणाऱ्या प्रत्येकाने सोमवारी आपल्या गावच्या शाळेत जाऊन पहिला प्रश्न विचारावा. गेल्या महिन्यात कोणते मूल गप्प झाले आहे?